सहलेखन आणि लेखनसाधनांचा भेद

ग्रंथरचना ही एकट्याने करावयाची साधना आहे, अशी समजूत आपल्या वाङ्मयव्यवहारात खोल रुजलेली आहे. काव्य, कादंबरी, लघुनिबंध यांच्या बाबतीत ती बहुतांशी खरीही आहे. संशोधनाच्या क्षेत्रातील स्थिती मात्र प्रारंभापासून निराळी आहे. कोश, चिकित्सित आवृत्त्या, दप्तरांतील कागदपत्रांचे संग्रह, बोलींची पाहणी ही कामे एका हाताने होत नाहीत. आणि आज तर शास्त्रीय विषयावरील दहा पानांचा निबंधही तिघाचौघांच्या नावाने प्रसिद्ध होतो. सहलेखकांचे मतभेद कसे मिटवावे, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्यांची लेखनसाधने भिन्न असली म्हणजे काय घडते, याची चर्चा क्वचितच होते. एकाचे लेखन संगणकाच्या एका प्रणालीत, दुसऱ्याचे दुसरीत, तिसऱ्याचे एखाद्या जुन्या फॉन्टात, आणि तिघांनी मिळून संहिता मात्र एकच सिद्ध करावयाची, हा प्रसंग आता नित्याचा झाला आहे. ही अडचण यंत्राची आहे असे मानून ती टंकलेखकाकडे सोपविण्याची आपली प्रवृत्ती असते. आमच्या मते ती केवळ यंत्राची नाही. संहितेवर अखेरचा अधिकार कोणाचा, आणि ती पुढील पिढीस वाचता येईल की नाही, हे दोन प्रश्न तिच्या पोटात आहेत. म्हणून या अडचणीचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे अगत्याचे वाटते.

१

भिन्न लेखनपद्धतींतून एक संहिता सिद्ध करण्याचा आपल्याकडील मोठा प्रयोग संगणकाच्या पूर्वीचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यानंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. आणि १९६६ मध्ये अठराही पर्वांचे काम पुरे झाले. या कार्यासाठी ज्या पोथ्या जमविल्या त्या शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिपींत होत्या. त्या सर्व वाचू शकेल असा एकही पंडित मिळणे दुर्घट होते. म्हणून पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठतुलनेची केंद्रे चालविण्यात आली.

हे काम एकमेकांत मिसळले कसे, हा येथे महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यासाठी संपादकांनी एक तक्ता ठरविला होता. श्लोकातील प्रत्येक अक्षरास त्या तक्त्यात स्वतंत्र घर असे, आणि प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या घराखाली लिहावयाचा असे. तंजावरास वाचलेला दाक्षिणात्य पाठ आणि शांतिनिकेतनात टिपलेला बंगाली पाठ यांची गाठ त्या घराखाली पडे. पोथ्यांना त्यांच्या लिपीवरून अक्षरसंज्ञा दिलेल्या होत्या. संपादकांना जो पाठ तितकासा निश्चित वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेघ देण्यात आली. मूळ संहितेबाहेरील श्लोकांना तारकाचिन्हांकित क्रमांक मिळाले. विराटपर्वाचे संपादक डॉ. रघुवीर लाहोरचे, उद्योगपर्वाचे डॉ. सुशीलकुमार दे डाक्क्याचे, सभापर्वाचे फ्रँकलिन एजर्टन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे. तथापि या तिघांच्या खंडांतील नागमोडी रेघेचा अर्थ एकच आहे.

यावरून असे दिसते की, सहकार्यासाठी सर्वांची लिपी, कागद वा लेखणी एक असावी लागली नाही. संकेत तेवढा एक असावा लागला, आणि तो लेखनारंभापूर्वी ठरावा लागला. पुढील काळात साधने शतपटींनी वेगवान झाली. हा पूर्वसंकेत मात्र अनेकदा मागे पडला.

२

संगणकावरील शास्त्रीय लेखनाचे दोन प्रमुख संप्रदाय जवळजवळ एकाच काळात उदयास आले. त्यांच्या जन्मकथा भिन्न असल्यामुळे त्यांचे स्वभावही भिन्न झाले आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डॉनल्ड कनूथ यांनी संगणकीय गणनशास्त्रावर एक बहुखंडी ग्रंथ लिहावयास घेतला होता. त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये धातूच्या खिळ्यांनी जुळवून छापला गेला. पुढे मुद्रणालयांतून खिळ्यांची जुळणी मागे पडून प्रकाशाक्षरांची जुळणी आली. आणि १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते हाती आली तेव्हा त्यांतील गणिताची मांडणी पाहून कनूथ अत्यंत असमाधानी झाले. त्यांनी ग्रंथलेखन बाजूस ठेवून स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास घेतली. ती १९७८ मध्ये प्रथम वापरात आली. तिचे नाव 'टेक'. त्यातील अखेरचे अक्षर ग्रीक 'खी' आहे. या प्रणालीत लेखक साध्या अक्षरांत मजकूर लिहितो आणि त्यातच आज्ञा घालतो: येथे प्रकरणाचे शीर्षक, येथे समीकरण, येथे तळटीप. पान कसे दिसेल ते प्रणाली मागाहून ठरविते. कोणत्याही यंत्रावर तोच मजकूर दिला असता तेच पान निघावे, असा कनूथ यांचा कटाक्ष होता. प्रणाली त्यांनी सर्वांस विनामूल्य खुली ठेविली. तिच्या सुधारित आवृत्त्यांचे क्रमांक वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तराकडे एकेका अंकाने सरकत जातात, ही त्यांची गणिती गंमत सर्वश्रुत आहे.

टेकच्या आज्ञा सामान्य लेखकास कठीण पडत. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिच्यावर 'लाटेक' नावाचा सुलभ थर चढविला, आणि १९८५ मध्ये संदर्भसूची आपोआप लावणारे 'बिबटेक' त्यास जोडले गेले. १९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राच्या अप्रकाशित निबंधांचे भांडार उघडले. टेकमधील निबंध म्हणजे साध्या अक्षरांची फाइल. ती त्या काळच्या संथ टपालयंत्रणेवरूनही सुखरूप पोहोचत असे. गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत ही प्रणाली सर्वमान्य होण्याचे हे एक मोठे कारण होय.

दुसरा संप्रदाय पडद्यावरील पानाचा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांचे सहकारी यांनी 'ब्राव्हो' नावाची लेखनप्रणाली तयार केली. छापल्यावर पान जसे दिसावयाचे, तसेच ते पडद्यावर दिसावे, ही तिची कल्पना. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले, आणि १९८३ मध्ये त्या कंपनीचे 'वर्ड' बाजारात आले. कचेऱ्या, न्यायालये, वैद्यक आणि मानव्यविद्या यांनी हळूहळू तिचा स्वीकार केला. या प्रणालीतील फेरफार-नोंदीची सोय सहलेखनास विशेष उपकारक ठरली. कोणी कोणता शब्द काढला, कोणता घातला, हे नाव आणि रंग यांसह दिसू लागले. परंतु फाइल आतून कशी बांधलेली आहे, हे दीर्घकाळ कंपनीच्या हाती राहिले. खुला दस्तऐवज-नमुना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, आणि वर्डच्या नव्या नमुन्यास तशी मान्यता २००८ मध्ये मिळाली. तोवर सुमारे पंचवीस वर्षांचे लेखन जुन्या नमुन्यात साठले होते.

३

या दोन संप्रदायांतील लेखक एकत्र आले की अडचणीस आरंभ होतो. लाटेकमधील निबंध वर्डमध्ये नेला असता समीकरणांची अनेकदा चित्रे होतात. प्रकरण-क्रमांक आणि संदर्भ-क्रमांक गोठून जातात, म्हणजे मध्ये एक परिच्छेद घातला तरी पुढचे आकडे बदलत नाहीत. उलट दिशेने नेल्यास अक्षरांचे आकार, रंग, अंतरे यांच्या निरुपयोगी आज्ञांचे रान माजते आणि सहकाऱ्याच्या फेरफार-नोंदी गळून पडण्याचा संभव असतो. संदर्भसूची राखणाऱ्या साधनांचेही असेच आहे. एका प्रणालीत जिवंत असलेला संदर्भ दुसरीत केवळ छापील शब्द होऊन बसतो.

श्रेष्ठ प्रणाली कोणती, हा वाद अनेकांनी हिरिरीने घातला आहे. जर्मनीतील गीसेन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ४० जणांकडून मजकूर टंकित करवून घेऊन २०१४ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सलग मजकूर आणि कोष्टके यांत वर्ड वापरणारे सरस ठरले. समीकरणांत लाटेक वापरणारे सरस ठरले. आणि आपल्या साधनाविषयीचे समाधान मात्र लाटेकच्या पक्षात अधिक आढळले. यावरून प्रत्येक विद्येने आपल्या गरजेचे साधन निवडलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सर्व सहलेखक एकाच विद्येचे असले तर काम किती झपाट्याने होते, याचेही उदाहरण आहे. प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेत जमलेल्या सुमारे दोन डझन गणितज्ञांनी सहा महिन्यांच्या आत सहाशे पृष्ठांचा ग्रंथ लिहून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पण ती मंडळी एकाच साधनात मुरलेली होती. भाषाशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि भूगोलज्ञ एकत्र बसतात तेथे असे एकमत गृहीत धरता येत नाही.

अशा वेळी व्यवहारात तीनच मार्ग दिसतात. पहिला, एकाने दुसऱ्याचे साधन पत्करावे. दुसरा, एकाने संहिता आपल्याकडे ठेवावी आणि इतरांनी छापील पानावर सूचना कराव्यात. तिसरा, दोन्हींहून निराळे असे मध्यस्थ रूप स्वीकारावे. पैकी दुसरा मार्ग सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत रूढ आहे. त्यातील धोका सहसा बोलून दाखविला जात नाही. फाइल ज्याच्या हाती, निवड त्याच्या हाती. सूचनांतील कोणती घेतली, कोणती गाळली, याची नोंद राहत नाही. कधी ज्येष्ठ विद्वानास दुसरे साधन येत नाही म्हणून कनिष्ठाचा मजकूर पुनःपुन्हा टंकित होतो, आणि त्यात त्याच्या सावध विधानांतील 'बहुधा' आणि 'कदाचित' हे शब्द नाहीसे होतात. कधी उलट घडते; यंत्र जाणणारा तरुण सहाय्यक संहितेचा खरा धनी होतो आणि ज्याच्या चाळीस वर्षांच्या व्यासंगावर निबंध उभा आहे, तो आपल्याच लेखाचा वाचक होऊन राहतो. निबंधावर नावे दोघांची असतात. विधानांची जबाबदारी मात्र कोणाची, हे सांगता येत नाही.

तिसऱ्या मार्गाचा इतिहास अलीकडचा आहे. २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी 'मार्कडाउन' ही अत्यंत साध्या खुणांची लेखनरीत प्रसिद्ध केली. बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये 'पॅनडॉक' हे रूपांतरसाधन रचले. ते एका संहितेवरून वर्ड, लाटेक आणि इतर अनेक रूपे काढून देते. त्याच सुमारास महाजालावर एकाच पानावर अनेकांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय झाली, आणि पुढे लाटेकसाठीही तशी स्थळे निर्माण झाली. या सर्वांचा उपयोग मोठा आहे. तरीपण रूपांतरसाधनास जी खूण ठाऊक नाही ती ते नेमकी पोहोचवू शकत नाही, आणि सामायिक पानासही कोणी काय बदलावे याचा नियम सांगता येत नाही. तो नियम माणसांनीच ठरवावा लागतो.

४

येथवरची हकीकत रोमन लिपीतील लेखनाची झाली. रोमन लिपीत निदान 'अ' हे अक्षर दोन्ही प्रणालींत एकाच अंकाने साठविलेले होते. मराठीत तेवढाही आधार बराच काळ नव्हता, आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांना याची झळ विशेष लागली.

भारतीय लिपींसाठी एक समान अंकसंहिता असावी, असा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात झाला. 'इस्की' या नावाने ती १९८८ मध्ये सुधारून निघाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. तीत देवनागरी 'क', तेलुगू 'क' आणि कन्नड 'क' यांचा अंक एकच होता. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, त्या पायावर साधने तयार केली. परंतु छापखान्यांत रूढ झालेल्या पृष्ठरचनेच्या प्रणालींना ही संहिता समजत नव्हती, आणि मुद्रकांना तर सुबक जोडाक्षरे हवी होती. म्हणून एक आडमार्ग निघाला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवावयाचे: कोठे वेलांटी, कोठे काना, कोठे अर्धा 'स'. पडद्यावर मराठी दिसे. फाइलीच्या पोटात मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असे. 'कि' लिहिताना आधी वेलांटीचा तुकडा आणि मागाहून 'क' साठविला जाई. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा प्रत्येक घराण्याने हे तुकडे आपापल्या सोयीने मांडले. परिणामी एकाच घराण्याचा फॉन्ट दोघांकडे असेल तरच एकाचे मराठी दुसऱ्यास मराठी म्हणून दिसे.

आता या मांडणीत मराठीचा भूगोल घाला. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील लेखक हिंदी कचेऱ्यांत रुळलेल्या फॉन्टात आणि कळफलकात टंकलेखन शिकलेला. बेळगावचा मुद्रक कन्नड साधनांच्या सहवासात वाढलेला. वडोदऱ्याचा गुजराती, हैदराबादचा तेलुगू साधनांच्या. पुण्यामुंबईच्या छापखान्याचा फॉन्ट यांपैकी प्रत्येकाकडे असेलच असे नाही. भाषा एक, लिपी एक, आणि तरीही महाभारताच्या पोथ्यांहून अधिक परकेपणा! ग्रंथ लिपीतील पोथी ती लिपी जाणणारा तरी वाचू शकतो. फॉन्ट हरवलेली फाइल, तुकड्यांची मूळ मांडणी ठाऊक नसेल तर, कोणासच वाचता येत नाही.

रूपांतर करावे म्हटले तर त्यातही अर्थ दगावतो. हिंदीला ज्याची गरज नाही असा मराठीचा 'ऱ्य' घ्या. रूपांतरात तो 'र्य' झाला की 'आचाऱ्यांना' दिलेले वेतन 'आचार्यांना' दिल्याचे ठरते, आणि संस्थानी मुदपाकखान्याचा हिशेब पाठशाळेच्या खात्यावर चढतो. गोव्याच्या इतिहासावरील निबंधात तळटीपांतून पोर्तुगीज कागदपत्रांची नावे रोमन लिपीत असतात. सबंध फाइलीचे सरसकट रूपांतर केले तर त्या नावांचे निरर्थक देवनागरी अक्षरपुंज होतात, आणि पुराव्याकडे जाणारी वाटच बुजते. जुन्या कागदांतील 'आह्मी', 'जाहला' ही रूपे तर शुद्धलेखन तपासणारे साधन चूक म्हणून दाखविते. अजाण हाताने ती 'सुधारली' गेली की कागदाचा काळच पुसला जातो.

युनिकोडमुळे यांतील मूळ व्याधीवर उपाय झाला, हे निःसंशय. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्याचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला आहे. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. तथापि एवढ्याने सहलेखकांची जबाबदारी संपली असे नाही. 'ऱ्य' लिहिण्याच्या युनिकोडात दोन रीती आहेत; 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यापूर्वी तो दोन चिन्हे जोडून लिहीत आणि अजूनही कित्येक तसाच लिहितात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, परंतु यंत्राला ती निराळी वाटतात. एकाने तयार केलेली शब्दसूची दुसऱ्याच्या प्रकरणांतील तेच शब्द शोधू शकत नाही. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने निश्चित केले. पण त्यांचा अंक हिंदीशी समान असल्याने वळण कोणते दिसावे हे फॉन्टावर आणि मजकुराची भाषा म्हणून काय नोंदले आहे यावर अवलंबून राहते. मोडी कागदांत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळलेला नसतो. लिप्यंतर करताना तो आजच्या नियमाने लावावयाचा की नाही, हे तर कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. एका दप्तराचे दोन लिप्यंतरकार येथे दोन वाटांनी गेले, तर छापलेल्या संग्रहावरून मूळ लेखकाची लेखनरीत कोणती आणि संपादकाची कोणती, हे कायमचे अनिर्णित राहते.

५

यावरून काही व्यवहार्य संकेत सुचतात. संयुक्त कामास हात घालण्यापूर्वी सहलेखकांनी मूळ संहिता कोणत्या रूपात राहील ते ठरवावे, आणि ते रूप शक्य तो युनिकोडातील साधा मजकूर असावा. मुद्रणाचा फॉन्ट हा अखेरचा पोशाख समजून तो सर्वांत शेवटी चढवावा. 'ऱ्य', 'ॲ', ऱ्हस्वदीर्घ, जुनी रूपे आणि परलिपीतील नावे यांविषयी एका पानाचे टिपण सर्वांनी मान्य करून संहितेच्या सोबतच ठेवावे. प्रत्येक रूपांतरानंतर मूळ प्रत पुसू नये, आणि रूपांतरित मजकूर मूळाशी माणसाने डोळ्यांनी ताडून पाहावा. संहिता सांभाळणाऱ्यास स्वीकारलेल्या आणि नाकारलेल्या सूचनांची नोंद ठेवण्याचे बंधन असावे. आणि ज्या विधानावर एकमत झाले नाही त्याखाली, सुखटणकरांच्या नागमोडी रेघेसारखी, एखादी उघड खूण राहू द्यावी.

आणखी एक काम संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांची स्मरणिका, नियतकालिके, ग्रंथसूची यांचे गेल्या शतकाच्या अखेरीचे बरेचसे लेखन तुकड्यांच्या फॉन्टांत साठलेले आहे. छापील अंकांच्या प्रती विरळ होत आहेत, आणि त्या फाइली उघडणारी यंत्रे व जाणणारी माणसे दोन्ही कमी होत आहेत. कोणत्या घराण्याचा फॉन्ट होता हे सांगणारा मुद्रक हयात आहे तोवर ते त्यास विचारून लिहून ठेवणे शक्य आहे. पोथ्यांच्या शोधासाठी आपल्या पूर्वसूरींनी गावोगाव पायपीट केली. या फाइली आपल्याच कपाटांत आहेत. त्यांची यादी करण्याचे काम प्रत्येक संस्थेने येत्या वर्षातच आरंभावे, अशी आमची विनंती आहे.